जोड झाकणारी कळी

मित्रांनो, मी एक जुनी कळी आहे. उमलायचे वय माझ्या वाट्याला आलेच नाही, कारण मी लाकडाची आहे. शिवणीच्या लाकडाची, तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. पाच मिटलेल्या पाकळ्या, खाली आखूड देठ आणि पाकळ्यांच्या फटींत वाळलेली काळी शाई. भांडुपला चढावाच्या रस्त्यावर जयवंत नार्वेकरांचा छापखाना आहे. तिथल्या खिडकीजवळच्या खणात कागदी पट्ट्यांच्या एका गठ्ठ्यावर मी पडून असते. त्या पट्ट्या चारशे एकोणनव्वद आहेत. त्या कसल्या आहेत ते पुढे येईलच. आधी माझा जन्म सांगते, आणि तो सांगताना मला जरा लाज वाटते, कारण मी चुकून जन्मले.

मला कोरले गुणाजी राणे यांनी. छापखान्यात त्यांना सगळे गुणाजीकाका म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. काका मूळचे मालवणकडचे. सव्वीस वर्षे ते एका कापड गिरणीत तांब्याच्या रुळांवर नक्षी कोरायचे. रूळ फिरत राहिला की कापडावर फुलांमागून फुले उमटत जायची. आता रूळ गोल असतो, त्यामुळे नक्षी जिथून निघते तिथेच फिरून येते. ती दोन टोके भेटतात तिथे जोड दिसतो. जोड दिसला की साहेब कापड बाजूला काढायचा. म्हणून कोरणारे लोक नेमक्या त्या जागी एखादे पान नाहीतर एखादी कळी बसवून मोकळे होत. कळीने जोड झाकण्यात काकांचा हात धरणारे त्यांच्या खात्यात कोणी नव्हते.

त्या फुलांची लुगडी गावोगाव गेली, पण त्यांच्या काठावर नाव असे ते गिरणीचे. काकांची बायको, प्रेमाकाकी, हिने एकदा तसलेच लुगडे नेसून नळावरच्या बायकांना सांगितले होते की ही फुले आमच्या ह्यांनी कोरली आहेत. बायका हसल्या. मग नाव कुठे आहे गं त्यांचे, असे एकीने विचारले. काकी शाळेत गेली नव्हती. नाव असले तरी तिला ते वाचता आले नसते. पण ते हसणे तिच्या जिव्हारी लागले आणि तिने ते घरी येऊन काकांना सांगितले. काकांनी ते मनात ठेवले. आयुष्यात एकदा तरी आपल्या कामाखाली आपले नाव छापून आलेले काकीला दाखवायचे, एवढी एकच हौस त्या माणसाला होती.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप लागला. तो लांबत गेला आणि काकांचे खाते कायमचे बंद पडले. चाळीतल्या सत्यनारायणाच्या पूजेची पत्रिका छापायला ते जयवंतकडे आले, तेव्हा त्यांनी पत्रिकेच्या कोपऱ्यात घालायचे झिजलेले कलशाचे आणि नारळाचे ठसे पाहिले. ते पाहून त्यांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी ते घरून हत्यारे घेऊन आले आणि तिथेच उकिडवे बसून त्यांनी लाकडाच्या तुकड्यावर नवा कलश कोरला. जयवंत एकटाच मालक, एकटाच खिळे, म्हणजे छापायची शिशाची अक्षरे, जुळवणारा, वयाने काकांहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने कलश छापून पाहिला आणि चहा मागवला. त्या दिवसापासून काका रोज येऊ लागले.

ती पत्रिका फिरत फिरत मुलुंडच्या वनमालाबाईंच्या हाती पडली. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. तीस वर्षे त्यांनी भूमिती शिकवली होती. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी लिहून ठेवलेली जुनी भूमिती त्यांनी मुलांसाठी सोप्या मराठीत उतरवली होती. तिच्यात अठ्ठेचाळीस सिद्धता होत्या. बाईंचे म्हणणे असे की भूमितीचे पुस्तक म्हटले की मुले तोंड वाकडे करतात, कारण ते दिसतेच औषधाच्या बाटलीवरच्या कागदासारखे. ते लग्नाच्या पत्रिकेहून देखणे का असू नये? असे म्हणत त्या हस्तलिखित आणि ती पत्रिका पिशवीत घालून भांडुपला आल्या.

ठरले ते असे. जयवंतने खिळे जुळवायचे, काकांनी आकृत्या आणि नक्षी कोरायची, बाईंनी तपासायचे. काकांनी मोबदल्याचे काही विचारले नाही. पुस्तकात माझे नाव येईल का, एवढेच त्यांनी विचारले, तेही मान खाली घालून. बाई म्हणाल्या, येईल, पहिल्या पानावर येईल. काकांचा विश्वास बसला नाही हे जयवंतच्या लक्षात आले. त्याने तिथल्या तिथे खणांतून खिळे उचलले, "सजावट : गुणाजी राणे" अशी ओळ पुस्तकाच्याच टायपात जुळवली, दोऱ्याने घट्ट बांधली आणि खिडकीशी फळीवर ठेवली. पुस्तकाचे पहिले पान सगळ्यांत शेवटी छापतात, मित्रांनो. तोवर ही ओळ इथेच राहील, असे त्याने काकांना सांगितले.

खिळ्यांवरची अक्षरे उलटी असतात. पण जन्मभर उलटे कोरलेल्या माणसाला ती वाचायला कसली अडचण? काका रोज आले की आधी त्या ओळीवरून बोट फिरवायचे आणि मग कामाला बसायचे.

पहिली आकृती होती समभुज त्रिकोणाची. एक रेघ, तिच्या दोन टोकांवरून फिरलेली दोन वर्तुळे, आणि ती वर जिथे एकमेकांना छेदतात तिथे त्रिकोणाचा शिरोबिंदू. काकांनी चार दिवस खपून ती कोरली. रेघा केसासारख्या बारीक आल्या. पण वरच्या टोकाला दोन वर्तुळे आणि दोन बाजू एकत्र येत होत्या. तिथे त्यांना जोड दिसला. सव्वीस वर्षांची सवय. हात आपोआप वळला आणि त्या बिंदूवर त्यांनी एक कळी बसवली. ती मी.

मी तेव्हा फार तोऱ्यात होते. सगळ्या त्रिकोणाच्या डोक्यावर मी, खाली सगळ्या रेघा माझ्याकडे तोंड करून. मग बाईंनी छापलेला कागद हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही त्याला पाकळ्या दिल्यात."

"जोड दिसता, बाईनू," काका म्हणाले.

"दिसू दे. मुलांना तोच तर बघायचा आहे. जोड झाकलात तर शिकवायचं काय उरलं?"

काकांचा चेहरा पडला. गिरणीत ज्या कामाला शाबासकी मिळायची त्या कामाबद्दल इथे बोलणी बसली होती. ते हत्यारे गुंडाळून निघून गेले. मला वाटले, संपले सगळे. पण तिसऱ्या दिवशी ते परत आले. बारीक करवतीने त्यांनी त्रिकोणाचे ते डोके कापले, मला वेगळे केले, आणि आकृती नव्याने कोरायला घेतली. या वेळी रेघा उघड्या, टोक उघडे. मला ते टाकून देणार होते. हातात घेतले, पाहिले, आणि काड्यांच्या रिकाम्या पेटीत ठेवून दिले. मी त्यांच्यावर रुसले होते. चूक त्यांनी केली आणि कापली गेले मी.

पुढे कामाची रीत बसली. नक्षी समासात आणि आकृती मोकळी, असा बाईंनी नियम घालून दिला. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर काकांनी लुगड्याच्या काठासारखी पट्टी कोरली. कुठे रुईची फुले, कुठे कोयऱ्या, कुठे नुसत्या लाटा. प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे घेऊन त्याच्याभोवती वेल चढवला. आकृतीच्या आत मात्र त्यांनी पुन्हा एक पानसुद्धा घातले नाही.

एक अडचण राहिली होती. सिद्धता संपली कुठे हे मुलांना कळत नसे. बाईंनी काही मुलांना पाने वाचायला दिली, तर ती पुढच्या सिद्धतेत बिनदिक्कत चालत जात. शेवटाला काहीतरी खूण हवी होती. जयवंतने चांदणी लावून पाहिली, ती जन्मपत्रिकेसारखी दिसू लागली. तेव्हा काकांनी खिशातून काड्यांची पेटी काढली आणि मला पुढे केले. शेवटाला लावली तर चालेल का, असे त्यांनी बाईंना घाबरतच विचारले. बाईंनी मला शेवटच्या ओळीपुढे ठेवून छापायला लावले. कागदाकडे बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "आता ती बरोबर जागी बसली."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस.

त्यानंतर दोन वर्षे मी कामात होते. माझ्यासारखी दुसरी नव्हती, म्हणून जयवंत एका वेळी एकच सिद्धता छापायचा. बाई तिचा कच्चा कागद ओळीगणिक तपासत. एक जरी पायरी लंगडी वाटली तरी मला लावू देत नसत. सगळे पटले की मान हलवून म्हणत, "लाव कळी." मग जयवंत मला चिमट्याने उचलून शेवटच्या ओळीपुढे बसवी. मी बसले की चर्चा बंद. असा माझा मान होता. बाईंच्या शिकवणीची मुले पान उघडले की आधी मला शोधत आणि कळीपर्यंत पोचलो, असे एकमेकांना सांगत. काका कोपऱ्यात पुढची पट्टी कोरत हे ऐकायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

त्यांना खोकला होता. गिरणीपासूनच होता, असे ते म्हणत. तो वाढत चालला होता. कोरताना खोकल्याची उबळ आली की ते हत्यार बाजूला ठेवायचे, उबळ गेली की पुन्हा उचलायचे. जयवंतने डॉक्टरांचे नाव काढले की विषय बदलायचे.

पंच्याऐंशीच्या एप्रिलात सत्तेचाळिसावी सिद्धता आली. काटकोन त्रिकोणाची, कर्णावरच्या चौरसाची, तुम्ही शाळेत पाठ करता तीच. ती सगळ्यांत लांब होती. शेवटच्या दोन्ही सिद्धता एकदम जुळवायला घेतल्या, कारण बाईंनी प्रकाशनाचा दिवस ठरवला होता आणि मधे त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन होते. अर्ध्यावर आल्यावर जयवंतचा हात थांबला. ण अक्षराचे खिळे संपले होते. त्रिकोण, कर्ण, आणि दर दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘म्हणून’. भूमिती हे म्हणूनचेच शास्त्र आहे. त्याच्या एवढ्याशा छापखान्यातले ण तिने सगळे खाल्ले होते. आणखी दोन हवे होते. खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीतून मागवायचे तर पंधरा दिवस लागणार.

काकांनी कोपऱ्यातून मान वर केली.

"माझ्या नावातले काढ," ते म्हणाले. "दोन आसत."

जयवंत नको म्हणाला. काका उठून फळीपाशी गेले आणि त्यांनी ती ओळ स्वतःच त्याच्यापुढे आणून ठेवली.

"पयला पान शेवटाक छापतंस मां? तवसर परत लाव. माका खंय जावचा हा?"

जयवंतने दोरा सोडला. गुणाजीमधला एक आणि राणेमधला एक, असे दोन ण काढले. त्यांच्या जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून त्याने दोन दुसरे खिळे पालथे घातले. ही जुळवणाऱ्यांची रीतच आहे. इथे काहीतरी उसने नेले आहे, परत आणायचे आहे, असा त्याचा अर्थ. दोरा पुन्हा बांधला. सिद्धता पूर्ण झाली. बाईंनी मान हलवली आणि मी शेवटाला जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी जयवंत आलाच नाही. त्याला कावीळ झाली होती, आणि ती साधीसुधी नव्हती. दीड महिना तो अंथरुणातून उठला नाही, आणि ण परत लावायचे आहेत हे कोणाला सांगायचे भानही त्याला राहिले नाही. प्रकाशनाचा दिवस तोंडावर आला होता, म्हणून शेजारच्या छापखान्यातला चंदर उरलेले काम उरकायला आला. चंदर यंत्र चालवणारा, स्वभावाने चोख, पण जुळवणारा नव्हे. त्याने शेवटच्या सिद्धता छापल्या. मग जयवंतने आधीच जुळवून ठेवलेले पहिले पान घेतले आणि फळीवरची ती ओळ त्यात बसवली. कच्चा कागद काढला तर एका ओळीत दोन काळे ठोकळे उमटले होते, कारण पालथ्या खिळ्याचे बूडच छापले जाते. ही ओळ मोडीत काढलेली दिसते, असे त्याला वाटले. त्याने ती उचलून परत फळीवर ठेवली आणि वरखाली शिशाच्या पट्ट्या सारून पान छान बसवले. खरेच छान बसवले. काही कमी आहे असे कोणालाही वाटले नसते.

बाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. त्यांची भाची अनुपमा हिने तो कागद त्यांना दवाखान्यात वाचून दाखवला. पुस्तकाचे नाव, बाईंचे नाव, साल, सगळे बरोबर होते. सजावटीची ओळ दोन वर्षे तयारच होती, म्हणून तिच्याबद्दल वेगळे विचारायचे बाईंना सुचले नाही. जे कागदावर नाही ते ती बिचारी कसे वाचून दाखवणार?

आणि काका? ते त्या दिवशी मुद्दाम आले नाहीत. ण परत लावायचे हे जयवंतने चंदरला सांगितले असेलच, असे त्यांनी धरले होते. आपले नाव छापले जात असताना आपण तिथे ताटकळत उभे राहणे बरे दिसत नाही, असे त्यांना वाटले. मित्रांनो, मी यावर फार विचार केला आहे. त्या दिवशी ते जरासे निर्लज्ज झाले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

प्रकाशन मुलुंडला एका हॉलमध्ये झाले. काकांनी आदल्या दिवशी चंदरकडून मला मागून घेतले होते. रॉकेलने पुसून, इस्त्री केलेल्या सदऱ्याच्या खिशात घालून ते मला घेऊन गेले. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या शाळांतली मुले बक्षीस घ्यायला आली होती. प्रत्येकाला एक प्रत मिळाली. बाई काळा चष्मा लावून व्यासपीठावर उभ्या राहिल्या. त्यांनी काकांना वर बोलावले आणि म्हणाल्या, "ज्यांनी हे पुस्तक सजवलं त्यांचं नाव पहिल्या पानावर आहे. मुलांनो, पान उघडा आणि बघा."

चारशे-साडेचारशे पाने एकदम उलटल्याचा आवाज झाला. काकांनीही आपली प्रत उघडली. मी त्यांच्या छातीशी होते. पानावरून त्यांचे बोट वरून खाली गेले, मग पुन्हा वरून खाली. मुले शोधत होती, एकमेकांच्या पुस्तकांत डोकावत होती.  काकांनी घाईघाईने हात जोडले आणि ते खाली उतरले. अनुपमा रडवेली होऊन त्यांच्याकडे आली. बाईंना आज सांगू नका, असे त्यांनी तिला सांगितले. डॉक्टरांनी त्यांना रडायला मनाई केली होती.

घरी प्रेमाकाकी वाट पाहत होती. चाळीतल्या चार बायका येऊन बसल्या होत्या, त्यांत नळावर हसलेली ती बाईही होती. काकीने हात धुऊन, पदराला पुसून पुस्तक घेतले. पाने उलटताना तिला आपल्या लुगड्याचा काठ ओळखू आला आणि ती हरखून गेली. मग तिने विचारले, "खंय आसा तुमचा नाव?"

 काकांनी पहिले पान उलटले. त्याच्या पाठीवर, अगदी खाली, त्यांनीच कोरलेल्या बारीक वेलीच्या चौकटीत एक ओळ होती. "मुद्रक : जयवंत नार्वेकर". त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले.

"ह्या बघ," ते म्हणाले. "हय आसा."

काकीने त्या ओळीवरून हात फिरवला. शेजारणीला वाचता येत होते, ती पुढे सरकली, तेव्हा काकांनी पुस्तक मिटले आणि देवाच्या फळीवर ठेवले. तिथले कोणी उचलत नाही. मी त्यांच्या खिशातच होते, आणि त्यांची छाती खोकल्याशिवायच हलत होती. जन्मभर केले तेच त्यांनी केले. जोड दिसला, त्यावर कळी बसवली.

जयवंत बरा होऊन छापखान्यात आला तेव्हा त्याने आधी पुस्तक उघडले आणि मग तो खाली बसला. फळीवर ती ओळ तशीच होती, दोन पालथ्या खिळ्यांसकट. काका मला परत द्यायला आले होते. जयवंत त्यांचे पाय धरायला वाकला, तर त्यांनी त्याला खांद्याला धरून उभे केले.

"ऱ्हवांदे रे. पुस्तक झाला मां?"

"काका, मी शुद्धिपत्र छापतो," जयवंत म्हणाला. "प्रत्येक प्रतीत चिकटवू. आठ दिवसांत."

पुस्तकात चूक राहिली की एक छोटी पट्टी छापून आत चिकटवतात, तिला शुद्धिपत्र म्हणतात. काकांनी मान हलवली. घरी त्या ओळीचे काय झाले हे त्यांनी जयवंतला सांगितले नाही. मला त्याच्याशी बोलता येत असते तर मी सांगितले असते.

जयवंत खोटे बोलला नव्हता. पण दीड महिना तुंबलेले काम होते. लग्नपत्रिका होत्या, शाळांच्या परीक्षा होत्या, मग गणपतीच्या पावतीपुस्तकांची घाई सुरू झाली. पुस्तक छापून झाल्याने ण आता खणात काठोकाठ भरले होते. फक्त दोन उचलायचे होते. उद्या करू, असे तो रोज म्हणायचा, आणि खरोखर दुसऱ्या दिवशी करणार असायचा. श्रावण संपता संपता काकांना इस्पितळात नेले. चौथ्या दिवशी ते गेले.

दहाव्या दिवशी जयवंतने दार आतून लावून घेतले. फळीवरची ओळ सोडली, दोन पालथे खिळे काढले आणि दोन ण जागी बसवले. वर लिहिले, "शुद्धिपत्र : पहिल्या पानावर पुढील ओळ वाचावी." खाली, "सजावट : गुणाजी राणे". आणि त्यांच्या नावापुढे त्याने मला बसवले. पाचशे प्रतींसाठी पाचशे पट्ट्या त्याने एकट्याने छापल्या. पाचशे वेळा मी त्यांच्या नावाच्या शेवटाला टेकले. लाकडाला रडता येत नाही. शाई थोडी जास्त लागली, एवढेच.

तेरावे झाल्यावर तो काकांच्या घरी गेला. खिशात एक पट्टी होती, खळीची छोटी बाटली होती आणि मी होते. पट्टी चिकटवून मला काकीच्या हातावर ठेवायचे त्याच्या मनात होते. काकीने त्याला बसायला पाट दिला, चहा दिला. काही विचारायच्या आधीच ती उठली आणि देवाच्या फळीवरचे पुस्तक घेऊन आली.

"ह्या बघ त्येंचा नाव," ती म्हणाली. "रोज सकाळी कुकू लावतंय मी."

वेलीच्या चौकटीवर हळदीकुंकवाचा जाड थर बसला होता. त्याखालून अक्षरे दिसत होती. ती कोणाच्या नावाची, हे जयवंतने पाहिले. त्याचा हात खिशात गेला होता, तो तिथेच राहिला. बोटांत पट्टी चुरगळत होती आणि मी तिच्याखाली होते.

"तू छापलंस म्हणान ऱ्हवला रे," काकी म्हणाली. "नायतर आमचा नाव कोण छापता?"

जयवंत वाकला आणि त्याने त्या पानाला डोके टेकवले. काकीला वाटले तो काकांच्या नावाच्या पाया पडला. ते खरेच होते म्हणा. खळीची बाटली त्याने उघडली नाही. चढाव उतरताना तो दोनदा पायरीवर बसला.

बाईंना चष्मा मिळाल्यावर सगळे कळले. घरात उरलेल्या अकरा प्रतींत त्यांनी स्वतः पट्ट्या चिकटवल्या. बाकीच्या प्रती शाळाशाळांतल्या मुलांना वाटून झाल्या होत्या, त्यांची यादी कोणी ठेवली नव्हती. पट्ट्यांचा गठ्ठा जयवंतने बांधून खणात ठेवला आणि मला त्यावर. तो आताशा पत्रिकांना दुसऱ्या कळ्या वापरतो. मला उचलून बघतो आणि परत ठेवतो. मला राग येत नाही. माझे काम तसे पूर्ण झाले आहे, आणि तसे पाहिले तर अजिबात झालेले नाही.

मित्रांनो, या गोष्टीला आता चार वर्षे झाली. चारशे अठ्ठ्याऐंशी प्रती कुठेतरी आहेत. बक्षीस मिळालेली ती मुले आता कॉलेजात असतील. त्यांत कदाचित तुमचा दादा असेल, तुमची ताई असेल. त्यांच्या जुन्या वह्यापुस्तकांत बघा. भूमितीच्या पानांवर लुगड्याचे काठ दिसले आणि सिद्धतेच्या शेवटाला करंगळीच्या नखाएवढी कळी दिसली, तर पहिले पान उघडा आणि पेन्सिलीने एवढेच लिहा, सजावट : गुणाजी राणे. दोन्ही ण नीट काढा. ते त्यांनी आपल्या हातांनी दिले होते.

एक प्रत मात्र भांडुपला, चढावावरच्या चाळीत, देवाच्या फळीवर आहे. कधी तिथे गेलात तर काकी ती तुम्हाला आपणहून दाखवील. कुंकवाखालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणेल, ह्या बघ त्येंचा नाव. तुम्हाला वाचता येते हे मला ठाऊक आहे. तरी तुम्ही हो म्हणा.